लेकींची वही

सावरखेडीच्या सरकारी दवाखान्यात जो कोणी जाईल, त्याला डॉक्टरच्या आधी मनकर्णा भेटायची. हातात फिनाईलची बादली, पदर कमरेला खोचलेला आणि तोंड चालू. "चपला भाईर काढा. तंबाखू थुकून या. एका बाईसंगं सात माणसं कायले आणले, बाळंतपण हाये का वरात?" माणसं मुकाट ऐकून घ्यायची. आपलं पोरगं हिच्याच हातात पहिल्यांदा रडलेलं असतं, त्यामुळं उलट बोलायची सोय नसते.

मी चंद्रभागा. दवाखान्याला लागून माझं घर, मधे फक्त तारेचं कुंपण. अठ्ठावीस वर्षं इथल्या मराठी शाळेत शिकवलं, आता पेन्शनीत आहे. सगळा गाव मला टीचरबाई म्हणतो. लिहायला बसले की पुस्तकातली मराठी येते, ती हाताची सवय. राग आला की गावची येते. आणि हे लिहिताना मला राग येणार आहे, आधीच सांगून ठेवते. त्यातला बराचसा माझा माझ्यावरच आहे.

आमचं गाव असं आहे की आदिलाबादहून बसनं तामसीला यायचं आणि तिथून ऑटोनं आणखी अकरा किलोमीटर. दोन कोसांवर पैनगंगा, पल्याड महाराष्ट्र. नदीनं राज्य बदलतं, सोयरीक बदलत नाही. आमच्या लेकी पल्याड दिलेल्या, पल्याडच्या लेकी आमच्या सुना. आणि बाळंतपण माहेरीच करायचं, पहिलं तर करायचंच. सातवा लागला की आमच्या सुना पिशवी भरून पल्याड जातात आणि आमच्या लेकी पिशवी घेऊन अल्याड येतात. पुढं जे घडलं ते सगळं या एका रिवाजामुळं घडलं, म्हणून हे नीट ध्यानात ठेवा.

मनकर्णा स्वतः पल्याडची. धोंडीबाशी लग्न होऊन इथं आली तेव्हा सतरा-अठराची असेल. दोघंही दुसऱ्याच्या कापसात मजुरीनं जायची. पहिल्या खेपेला रिवाजाप्रमाणं माहेरी गेली. तिकडं ना दवाखाना, ना रस्ता. तीन दिवस कळा दिल्या. बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं होतं. "पोरगी होती," एवढंच ती सांगते. मी कधी पुढचं विचारलं नाही.

दवाखाना आमच्या गावाला आला त्या साली आया पाहिजे म्हणून दवंडी झाली, तेव्हा सगळ्यात आधी हीच जाऊन उभी राहिली. धोंडीबा भडकला. आम्ही बौद्ध माणसं, गावकीची कामं सोडून आमच्या बापजाद्यांना जमाना झाला. रक्तामांसाचं काम परत घरात नको, असं त्याचं म्हणणं. "बाबासाहेबांनी हे सोडाले सांगतलं," तो म्हणाला. मनकर्णा म्हणाली, "मेलेलं उचलनं सोडाले सांगतलं. जित्तं धरनं सोडाले नाई सांगतलं." धोंडीबा दोन दिवस जेवला नाही आणि तिसऱ्या दिवशी स्वतः तिला दवाखान्याच्या दारापर्यंत सोडून आला. हे मी माझ्या अंगणातून बघितलेलं आहे.

ती नोकरी म्हणजे काही पक्की सरकारी नव्हे. एजन्सीची माणसं, दर साली कागद नवा. पण पुढं धोंडीबा गाडीवरून पडून कमरेनं अधू झाला. मुलगा अमरदीप आदिलाबादजवळ मावल्यात क्लार्क, त्याचा संसार त्याच्यापुरता. या दोघांची चूल मनकर्णाच्या त्या कागदावरच पेटत होती.

आता वहीचं सांगते.

नऊ वर्षांमागं सपना नावाची आमच्या गावची लेक बाळंतपणाला आली. सासर पल्याड, आधारकार्ड पल्याडचं. तेव्हाचे डॉक्टर नवे होते, कागदाला फार भिणारे. म्हणाले, दुसऱ्या राज्याची बाई आहे, नोंद कशी करू, काही कमी-जास्त झालं तर कोण जबाबदार, तिकडं न्या. माहेरात आलेल्या लेकीला म्हणे तुझ्या गावाला जा. ती बिचारी बसस्टँडपर्यंत पोचली, आणि तिथंच लिंबाखाली मोकळी झाली. चार बायांनी लुगडी धरली. मनकर्णा दवाखान्यातून धावत आली आणि गुडघे टेकून तिनं ती पोर झेलली. हर्षाली तिचं नाव. पोरगी वाचली, आई वाचली. पण मनकर्णाच्या डोक्यात त्या दिवशी काहीतरी फिरलं.

डॉक्टर आठवड्यातले चारच दिवस यायचे, तेही दुपारपर्यंत. बाळंतपणं करायची ती मीनल सिस्टर. बाई हाताची फार गुणाची, स्वभावानं भित्री. मनकर्णानं तिला गळ घातली. पल्याडचं कार्ड असलेली लेक आली की तिला माझ्या अंगणातून, मागच्या दारानं आत घ्यायची. बाळंतपण टेबलावरच करायचं, सगळं नीट करायचं, फक्त दवाखान्याच्या मोठ्या रजिस्टरात लिहायचं नाही. बाळ सासरी गेलं की तिथल्या ग्रामपंचायतीत 'घरी जन्म' म्हणून लागायचं. डॉक्टर बदलले, दुसरे आले, तिसरे आले. ही पद्धत तशीच राहिली. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

पण मनकर्णाला एक खुपत होतं. एका दुपारी कुंपणाची तार वाकवून माझ्याकडं आली. "टीचरबाई, लेकरू जलमलं आन् कुठंच लिवलं नाई, हे बराबर नाई. माही पोरगी बी कुठंच लिवली नाई कोनं. तुमी लिवा."

तिला लिहिता येत नव्हतं. पूर्वी प्रौढांच्या वर्गाला माझ्याकडं बसायची तेव्हा मी तिला तिचं नाव तेवढं शिकवलं होतं. पुढची अक्षरं काढायला लागले की उठायची. "मले एवढंच पुरते," म्हणायची. तर मी दोनशे पानी वही आणली आणि लिहीत गेले. तारीख, आईचं नाव, माहेर, सासर, वजन, लेकरू लगेच रडलं का वेळानं. मनकर्णा सांगायची, मी लिहायची. वरच्या पुठ्ठ्यावर 'लेकी' असं लिहिलं. ठेवायची माझ्याच कपाटात. मला आपलं बरं वाटायचं. आपण घरबसल्या चांगलं काम करून राह्यलो, असं वाटायचं. अक्कल गेली होती माझी, दुसरं काय.

यंदा जूनमध्ये कागद आला. सावरखेडीच्या दवाखान्यात मागच्या पूर्ण सालात फक्त नऊ बाळंतपणं झाली. एवढ्यासाठी रात्रीची सिस्टर आणि बाळंतपणाची खोली चालवणं परवडत नाही. तरी ऑगस्टअखेर खोली बंद करून टेबल नि सामान दुसरीकडं हलवावं, आणि इथं दिवसा नुसत्या गोळ्या द्याव्या.

गावात कालवा झाला. नऊ कसे, नऊ कसे, म्हणून जो तो विचारू लागला. मी घरी येऊन वही काढली. त्याच सालात वहीत चौतीस होत्या. मी ती कपाटात परत टाकली आणि चहा ठेवला, आणि तो उतू गेला तरी मला कळलं नाही. आमच्या सुना पल्याड बाळंत होणार, त्या इथं मोजल्या जात नाहीत. पल्याडून आलेल्या लेकी इथं बाळंत होणार, त्या आम्हीच मोजू दिल्या नाहीत. दवाखाना सरकार बंद करत नव्हतं. आम्ही दोघी नऊ वर्षं बसून, मोठ्या मायेनं, तो बंद पाडत होतो.

मनकर्णालाही ते त्याच दिवशी कळलं असणार.

गाव मात्र पेटलं. दवाखान्याच्या आवारात मंडप पडला, आजूबाजूच्या पाच गावांच्या बाया बारीनं धरण्याला बसू लागल्या. आशाताई पूनम घरोघर फिरून दस्तखत घेऊ लागली. भागाबाई म्हणून आमच्याकडं ऐंशीची म्हातारी आहे, ती रोज सकाळी येऊन मंडपात पहिली बसायची आणि रोज त्याच दवाखान्यातून आपली बीपीची गोळी घेऊन घरी जायची. पुरुष यायचे ते माईक धरायला. एक जण तर पाऊण तास बोलला आणि त्यात बाळंतपण हा शब्द एकदाही आला नाही. मी मास्तरीण, मला माईक दिला तर मी मुद्दाम घसा बसल्याचं सांगितलं. भीती वाटत होती, बोलताना तोंडातून वही निघेल.

एका सोमवारी आदिलाबादला कलेक्टर ऑफिसात प्रजावाणीला, म्हणजे दर सोमवारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथं, गेलो. तीस बाया, दोन जीपगाड्या. दरखास्त घेतली, पावती दिली, आणि तिथल्या साहेबांनी हिंदीत शांतपणानं विचारलं, "अम्मा, पूरे साल में नौ. आप बताओ, मैं ऊपर क्या लिखूँ?" ज्या दोघींकडं उत्तर होतं त्या खाली बघत होत्या. शेवटी साहेबांनी पुढच्या बुधवारी स्वतः गावाला येऊन तपासतो, असं सांगितलं.

त्यात मनकर्णाची लेक प्रगती माहेरी आलेली, आठवा लागलेला. सासर पल्याड किनवटकडं. पाय सुजलेले, बीपी वर गेलेलं. मीनल सिस्टरनं सांगितलं होतं, हिला लांब नेण्यात धोका आहे, जवळ टेबल पाहिजे. आदिलाबाद म्हणजे अडतीस किलोमीटर, आणि ऑटो मिळेल तेव्हा. मनकर्णा मंडपात बसायची ती प्रगतीच्या पायांकडं बघत. तिच्या मनात कोणती बैलगाडी होती ते मला ठाऊक होतं.

मंगळवारी दुपारी ती कुंपणातून आली.

"टीचरबाई, वही द्या."

"काम जाईल तुझं, मनकर्णा."

"जाऊ द्या. टेबल नेल्यावर मी काय रिकामी खोली पुसत बसू?"

"आणि धोंडीबा? खायचं काय?"

"थे पाहू." ती पायरीवर बसली. "आमीच केलं न हे, टीचरबाई. मंग आमीच निस्तरू."

मी कपाट उघडलं. वही हातात घेतली आणि तशीच उभी राहिले. आणि मग मी जे बोलले ते इथं लिहिते, कारण नाही लिहिलं तर बाकी लिहिण्याला काही अर्थ नाही. मी म्हणाले, "अक्षर माझं हाये त्यात."

तिनं माझ्याकडं वर बघितलं. तिला लगेच समजलं. पेन्शनवाली बाई, सरकारी माणसांपासून लपवून केलेलं काम, उद्या चौकशी. "तुमचं नाव नाई काढत मी," ती म्हणाली. "सिस्टरचं बी नाई."

मी वही दिली. "काढू नको" म्हणाले नाही, "काढ" असंही म्हणाले नाही. दार लावून घेतलं.

बुधवारी साहेब आले. व्हरांड्यात टेबल मांडलं, मोठं रजिस्टर उघडलं. मंडप गच्च भरला होता, आणि मी बघितलं तर त्यात निम्म्या बाया ओळखीच्या, पण गावातल्या नव्हत्या. मनकर्णानं पल्याड निरोप धाडले होते. सपना आली होती, हर्षालीला घेऊन. सात-आठ गावांच्या आमच्या लेकी पोरंसोरं घेऊन, ऑटो करून, नदी ओलांडून आल्या होत्या.

मनकर्णा पुढं झाली आणि वही साहेबांपुढं ठेवली. पूनम हिंदीत सांगत गेली. मनकर्णानं सगळं सांगितलं, मागचं दार, लिंबाचं झाड, सगळं. "हे माहं काम. सिस्टरले मी भाग पाडलं. दुसऱ्या कोनाचा दोष नाई."

साहेब पानं उलटत होते. मग विचारलं, "लिखा किसने?"

"मीच," मनकर्णा म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडं बघितलं, वहीतल्या त्या वळणदार अक्षराकडं बघितलं. रागावले नाहीत. एक कोरा कागद आणि पेन पुढं सरकवलं. "लिखो, अम्मा."

मनकर्णानं पेन घेतलं. तिला जे एकच येत होतं ते ती लिहू लागली. म काढला. न काढला. क ची गाठ नीट जमेना, परत गिरवली. मी पहिल्या रांगेत होते, मला सगळं दिसत होतं. तिनं म काढला तेव्हाच मी उठायला पाहिजे होतं. ती णा पर्यंत पोचली तरी मी बसून होते. मी शिकवलं होतं, रफार सगळ्यात शेवटी द्यायचा. तिनं तो शेवटी दिला, पेन खाली ठेवलं आणि साहेबांकडं ताठ बघत राहिली. माझ्याकडं एकदाही वळली नाही.

तेव्हा कुठं मी उठले. "सर, अक्षर माझं हाये. चंद्रभागा, रिटायर टीचर. नऊ सालं मी लिवलं. तिला फक्त तिचं नाव येते, थे बी म्याच शिकवलं." अठ्ठावीस वर्षांची पुस्तकातली मराठी कुठं गेली कोण जाणे. माझ्यामागं मीनल सिस्टर उभी राहिली. "मीही होते, सर," ती म्हणाली.

साहेब म्हणाले, वही कोणीही लिहू शकतो. हे खरं कशावरून?

मला एकच काम येतं, ते मी केलं. वही उचलली, पहिलं पान काढलं आणि हजेरी घ्यायला लागले. "सपना, सासर पल्याड, मुलगी, दोन किलो चारशे, लगेच रडली." सपनानं कोपरानं ढोसलं तशी हर्षाली उभी राहिली. चौथीतली पोर, हजेरी म्हटल्यावर काय करायचं ते तिला बरोबर माहीत. "हजर," म्हणाली. मी दुसरं नाव घेतलं. तिसरं घेतलं. कुठं पोरगं उभं राहायचं, कुठं आई कडेवरचं लेकरू उचलून दाखवायची, कुठं आजी सांगायची, आज शाळेत हाये हो, फोन लावू का. भागाबाई प्रत्येक 'हजर'ला मान हलवत होती. अर्ध्या वहीपर्यंत साहेबांनी आपल्या कागदावर खुणा केल्या, मग पेन ठेवलं आणि नुसतं ऐकत बसले. दोनशे बारा नावं होती. मी सगळी घेतली. घसा खरंच बसला.

मनकर्णा खांबाला टेकून उभी होती. नावागणिक तिचे ओठ हलत होते. सगळी तिला पाठ होती.

पंधरा दिवसांनी कागद आला. बाळंतपणाची खोली आहे तशी चालू राहील, रात्रीची सिस्टर राहील, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईची नोंद, पत्ता कुठलाही असो, रजिस्टरात व्हावी. गावात पेढे वाटले. खालच्या परिच्छेदात होतं की मीनल सिस्टरची बदली, आणि मनकर्णाचं काम नियमबाह्य वागल्यामुळं त्या दिवसापासून बंद. माझ्याबद्दल कागदात एक ओळ नव्हती. ज्या पेन्शनसाठी मी तोंड शिवून बसले होते तिला कुणी हातही लावला नाही. मला त्या दिवशी पेढा गिळवला नाही, खरं सांगते.

आम्ही परत दरखास्त दिली आहे, मनकर्णाला कामावर घ्या म्हणून. दर सोमवारी आमच्यातलं कुणीतरी जातंच. आता माईक मी धरते. धोंडीबाच्या घरी दाणागोटा लेकी आणून टाकतात. पल्याडून आलेली एकही रिकाम्या हातानं येत नाही, आणि मनकर्णा प्रत्येकीला शिव्या देऊन ते ठेवून घेते.

भादव्यात एका सकाळी प्रगतीला कळा सुरू झाल्या. मीच मनकर्णाबरोबर गेले. या खेपेला मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं. नवीन आया आली आहे, कोवळीच आहे, बिचारीला काही माहीत नव्हतं. दारातच अडवून म्हणाली, "मावशी, चपला भाईर काढा. आन् तुमी भाईरच बसा."

मला वाटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. मनकर्णानं चपला काढल्या आणि बाकावर बसली. चोवीस वर्षांत त्या बाकावर ती पहिल्यांदा बसली असेल. आतून प्रगतीचा आवाज यायचा तशी अर्धी उठायची आणि परत टेकायची. एकदा मला म्हणाली, "फिनाईल कमी टाकून राह्यली थे. वासच नाई." मी तिचा हात धरला.

अकराच्या सुमारास रडणं ऐकू आलं. लगेच. वेळानं नाही.

नवी सिस्टर मोठं रजिस्टर घेऊन बाहेर आली. मुलगी आहे, दोन किलो सातशे, दोघी ठीक आहेत, म्हणाली. आईचं नाव लिहिलं, सासरचा पल्याडचा पत्ता विचारून पुरा लिहिला. मग रजिस्टर वळवून पुढं केलं. "नातेवाईकाची सही पाहिजे. आजीला येते का, का अंगठा घेऊ?"

मनकर्णानं हात पदराला पुसले. त्या रजिस्टराची धूळ तिनं चोवीस वर्षं झटकली होती, त्यात तिचं नाव कुठंच नव्हतं. "येते," ती म्हणाली.

सिस्टर ताटकळत उभी राहिली, तरी मनकर्णानं घाई केली नाही. रफार शेवटी दिला.